मोटारीच्या टपावरून शिडाची लहान बोट नेताना

खान्देशात शिडाची बोट हौसेने चालवणारे थोडे असले, तरी पाण्याची वाण नाही. वरणगावजवळचा हतनूरचा जलाशय, जळगावला पाणी पुरवणारे वाघूर धरण, चाळीसगावकरांना जवळ पडणारे गिरणा धरण आणि नवापूरकडे पसरलेला उकाईचा फुगवटा, एवढे पाणी हाताशी आहे. बोट मात्र बहुतेक वेळा मुंबईकडून जुनी विकत घ्यावी लागते, घरी अंगणात ठेवावी लागते आणि प्रत्येक वेळी पाण्यापर्यंत न्यावी लागते. त्यासाठी ट्रेलर घेणे सर्वांना परवडत नाही आणि तो ठेवायला जागाही नसते. लहान बोट मोटारीच्या टपावरून नेणे हा त्यावरचा सोपा मार्ग आहे. मात्र तो नीट समजून घेतला तरच सुरक्षित ठरतो. हे काम प्रथमच करणाऱ्यांसाठी पुढील माहिती क्रमाने देत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढच्या सर्व सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. सामान टपावर बांधताना ते खाली पडू नये एवढाच विचार करण्याची आपल्याला सवय असते. बोटीच्या बाबतीत हा विचार अपुरा पडतो. उलटी घातलेली बोट म्हणजे मोठी, हलकी, पोकळ वस्तू असते आणि धावत्या मोटारीवर समोरून येणारा वारा तिला खाली दाबण्याऐवजी वर उचलू पाहतो. म्हणून बोट बांधायची ती वजनासाठी नव्हे, वाऱ्यासाठी.

बोट आणि मोटार यांचा मेळ

टपावरून नेण्यास सर्वांत सोयीची बोट म्हणजे मुलांसाठीची ऑप्टिमिस्ट. तिची लांबी सुमारे २.३ मीटर, रुंदी सुमारे १.१ मीटर आणि डोलकाठी, शीड, सुकाणू वगळता नुसत्या बोटीचे वजन ३५ किलो असते. मोठ्यांची लेझर ही बोट सव्वाचार मीटर लांब असून तिचे नुसते वजनच ५९ किलोच्या आसपास भरते. हा फरक कागदावर लहान वाटला, तरी टपावर तो निर्णायक ठरतो.

प्रत्येक मोटारीच्या टपावर किती वजन ठेवता येते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. अनेक लहान मोटारींसाठी ही मर्यादा साधारणपणे ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते आणि त्यात आडव्या दांड्यांचे, म्हणजेच रॅकचेही वजन धरायचे असते. रॅक सहा किलोंचा धरला, तर ऑप्टिमिस्टसह एकूण भार ४१ किलो होतो आणि तो ५० किलोंच्या मर्यादेतही बसतो. लेझर मात्र त्याच मोटारीवर बसत नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी चार मीटरांच्या आतल्या असल्याने ती मोटारीच्या लांबीपेक्षाही पुढे-मागे जाते. लेझर न्यायची असल्यास अधिक क्षमतेचे टप असलेली मोठी मोटार किंवा ट्रेलर यांचाच विचार करावा. उभी असताना टप किती भार सहन करते, याचा येथे उपयोग नाही. खड्ड्यात आदळताना आणि ब्रेक लागताना ते काय सहन करते, यावर ही मर्यादा ठरलेली असते.

टपावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या ज्या दांड्या दिसतात, त्या सर्वच भार घेण्यासाठी नसतात. काही मोटारींवर त्या केवळ शोभेसाठी चिकटवलेल्या असतात आणि त्यांना रॅक जोडणे धोक्याचे आहे. ज्या मोटारींना अशा दांड्या नाहीत, त्यांच्यासाठी दाराच्या चौकटीत अडकणारे चिमटे असलेले रॅक मिळतात. तुमच्या मोटारीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनलेलाच रॅक घ्यावा. काळी-पिवळीवर असते तसे लोखंडी जंगल्याचे कॅरिअर गावात वेल्डिंग करून मिळते. पण त्याचे उंच कठडे बोटीच्या काठांना घासतात आणि वजनही बरेच वाढवतात. बोटीसाठी दोन सरळ आडवे दांडेच उत्तम. हे दांडे एकमेकांपासून टपावर शक्य तितके दूर, निदान ७० सेंटिमीटर अंतरावर असावेत आणि बोट जेथे टेकणार तेथील तिच्या रुंदीपेक्षा ते थोडे लांब असावेत. नवा रॅक बसवण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात चौकशी केलेली बरी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, वाहनाच्या बाजूने किंवा मर्यादेपलीकडे पुढे-मागे वा उंच जाणाऱ्या भारासाठी कलम १९४ (१अ) अन्वये वीस हजार रुपये दंड आहे, हेही ध्यानात ठेवावे.

लागणारे साहित्य

पंचवीस मिलिमीटर रुंदीचे, चार ते पाच मीटर लांबीचे पॉलिएस्टरचे दोन पट्टे घ्यावेत. त्यांचे बकल दातांनी पट्टा धरून ठेवणारे, हाताने ओढून आवळायचे असावे. दांडा मागे-पुढे करून आवळायचे रॅचेटचे पट्टे ट्रकच्या मालासाठी चांगले असतात. पण त्यांचा जोर हाताला कळत नाही आणि फायबरग्लासच्या बोटीच्या काठाला त्यामुळे तडा जाऊ शकतो. पुढच्या आणि मागच्या टोकांसाठी आठ मिलिमीटर जाडीचे पॉलिएस्टरचे दोन दोर लागतात. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि भिजल्यावर अधिकच सैल होतो, म्हणून तो येथे वापरू नये. दांड्यांवर चढवण्यासाठी एसीच्या पाइपवर असते ती काळी फोमची नळी उत्तम काम देते. ती नसल्यास जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत. गोधडी वापरू नये, कारण ती सरकते, भिजते आणि बोटीसह हलू लागते.

बोट रिकामी करणे

बोट टपावर चढवण्यापूर्वी डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), सुकाणू, मधला फळा (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी) आणि सुटे दोर काढून घ्यावेत. सुकाणू आणि फळा जुन्या चादरीत गुंडाळून मोटारीच्या आत ठेवावेत. शीड घडी न घालता गुंडाळून आतच ठेवावे. डोलकाठीची लांबी दोन मीटरांहून अधिक असल्याने ती मोटारीत अडचणीची ठरते. तिच्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपचा अडीच मीटरांचा तुकडा घेऊन, त्याच्या दोन्ही टोकांना झाकणे लावून, तो बोटीशेजारी दांड्यांना स्वतंत्र बांधावा. असा पाइप जळगावात शोधावा लागत नाही. त्याचे आणि डोलकाठीचे वजन मात्र टपाच्या हिशेबात धरायला विसरू नये.

आपल्या उन्हाळ्यामुळे येथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. ऑप्टिमिस्टमध्ये बोट बुडू नये म्हणून हवेने भरलेल्या पिशव्या बसवलेल्या असतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्यांतील हवा प्रसरण पावून शिवण उसवू शकते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक पिशवीतील थोडी हवा सोडावी आणि पाण्यावर पोहोचल्यावर ती पुन्हा भरावी. ज्या बोटींचे अंग बंद पोकळीचे असते, त्यांची पाणी काढायची बुचे प्रवासात उघडी ठेवावीत, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर पडायला वाट मिळते. प्लॅस्टिकच्या बोटी कडक उन्हात नरम पडतात आणि पट्टा फार आवळलेला असल्यास त्यांना कायमचा खळगा पडतो. या तिन्ही कारणांसाठी, आणि तापलेल्या टपाला हात लावणे अशक्य होते म्हणूनही, बोट पहाटे चढवून ऊन होण्यापूर्वी पाण्यावर पोहोचणे हाच खरा उपाय आहे.

बोट चढवणे

टपावरची अँटेना आधी काढून ठेवावी आणि जी निघत नाही, ती बोटीच्या काठाला लागत नाही याची खात्री करावी. मागचे दार उघडल्यावर ते बोटीला आदळते; म्हणून डिकीतले सामान आधीच भरून घ्यावे. ही साधी गोष्ट लक्षात न राहिल्याने बोट बांधून झाल्यावर पुन्हा सोडावी लागल्याचे मी पाहिले आहे.

दोघे असतील तर बोट जमिनीवर उलटी करून, दोन्ही बाजूंनी मध्यावर धरून, एका दमात उचलावी आणि मागच्या बाजूने दांड्यांवर ठेवावी. एकट्याने काम करायचे झाल्यास मोटारीच्या मागच्या काठावर रबरी चटई टाकावी, बोटीचे पुढचे टोक उचलून मागच्या दांड्यावर टेकवावे आणि मग मागून उचलून बोट पुढे सरकवावी. वारा असेल त्या दिवशी एकट्याने हे करू नये. पहिला पट्टा पडेपर्यंत कुणीतरी बोट धरून ठेवलीच पाहिजे.

बोट उलटी, पुढचे टोक मोटारीच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही काठ दोन्ही दांड्यांवर टेकलेले, अशी तिची बैठक असावी. वजन दोन दांड्यांच्या मध्ये समान येईल असे पाहावे. बाजूला उभे राहून पाहिल्यास पुढचे टोक मागच्यापेक्षा उंच दिसता कामा नये, कारण ते उंच राहिले की वारा बोटीच्या पोकळीत शिरतो आणि तिला खालून उचलतो.

पट्टे बांधणे

बकलचे लोखंड मोटारीच्या काचेवर आदळू नये म्हणून पट्ट्याचे मोकळे टोकच पलीकडे टाकावे, बकलचे टोक आपल्याकडे ठेवावे. पलीकडे जाऊन ते टोक दांड्याच्या खालून घ्यावे आणि पुन्हा बोटीवरून आपल्या बाजूला आणावे. येथे ते दांड्याखालून काढून बकलात ओवावे. दांड्याखालून जाणारा पट्टा बोटीच्या काठाला अगदी लगटून असावा. तो काठापासून वीतभर दूर राहिला, तर बोट आडवी सरकते आणि तेवढाच पट्टा सैल पडतो. पट्टा दांड्यालाच बांधावा, टपाच्या शोभेच्या दांडीला कधीही नाही. बकल बोटीच्या अंगावर न येता बाजूला यावे आणि त्याखाली फोमचा तुकडा असावा.

बोटीवरून जाणाऱ्या पट्ट्याला एक-दोन पीळ द्यावेत. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, मोठा गुणगुणणारा आवाज करतो आणि त्या थरथरीने हळूहळू ढिला होतो. पीळ दिला की आवाजही जातो आणि थरथरही. उरलेले टोक दोन गाठी मारून दांड्याला गुंडाळावे. दोन्ही पट्टे झाल्यावर बोटीचे टोक धरून जोराने हलवावे. बोट हलते आणि मोटार स्थिर राहते, असे दिसले तर बांधणी कच्ची आहे; बोटीबरोबर मोटारही डोलली पाहिजे.

टोकांचे दोर

नवखे लोक नेमकी हीच पायरी सोडतात. दोन पट्टे घट्ट बसले की काम झाले असे वाटते. परंतु बोटीचे अंग टोकाकडे निमुळते होत जाते. जोराचा ब्रेक लागला आणि बोट चार बोटे जरी पुढे सरकली, तरी पट्टा तिच्या अधिक अरुंद भागावर येतो आणि क्षणात सैल होतो. ते सरकणे थांबवतो तो मागच्या टोकाचा दोर, आणि वाऱ्याने पुढचे टोक उचलले जाणे थांबवतो तो पुढचा दोर. दोघांचे काम वेगळे आहे, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पुढचा दोर बोटीच्या टोकापासून मोटारीच्या पुढच्या भागात डावी-उजवीकडे दोन ठिकाणी, उलट्या ‘व्ही’च्या आकारात उतरावा. मोटारीला ओढण्याचे जे हूक असते, त्याला किंवा बॉनेटखाली पक्क्या बोल्टला जोडलेल्या पट्टीच्या फाशाला तो बांधावा. प्लॅस्टिकच्या बंपरला बांधण्याचा काहीही उपयोग नाही. या दोराचे एकही टोक लोंबकळत राहता कामा नये. सुटलेले टोक पुढच्या चाकाखाली गेले, तर चाक तो दोर ओढून घेते आणि बोटीचे टोक मोडते.

हा दोर आवळण्याची गाठ मला रावेरकडे केळीचे ट्रक भरणाऱ्या एका अनुभवी माणसाने शिकवली. केळीचा माल भरल्यावर तो ताडपत्रीचा दोर असा आवळत होता की बोटाने टिचकी मारली तर तारेसारखा वाजे. मी माझी अडचण सांगितल्यावर त्याने हातातला दोर सोडून मला जवळ उभे केले आणि तीनदा संथपणे गाठ मारून दाखवली. दोराचे एक टोक बोटीला पक्के बांधून घ्यायचे. मध्ये, हाताच्या उंचीवर, दोराला पीळ देऊन त्यातून एक लहान फासा बाहेर काढायचा. मोकळे टोक खालच्या हुकातून काढून परत वर आणून त्या फाशात ओवायचे आणि खाली ओढायचे. फासा कप्पीसारखे काम करतो, त्यामुळे हाताच्या जोरापेक्षा कितीतरी अधिक ताण दोराला मिळतो. ताण धरून ठेवत फाशाखाली चिमटीत दोर पकडायचा आणि दोन अर्ध्या गाठी मारायच्या. निघताना तो म्हणाला, ‘‘भो, एकाच दोरावर भरवसा ठेवू नको.’’ हे त्याचे वाक्य मी प्रत्येक फेरीत पाळतो. बोटीसाठी मात्र हा ताण बेताने द्यावा: दोर कडक झाला पाहिजे, बोटीचे टोक वाकता कामा नये.

रस्त्यावर

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० ने गेल्यास बोटीवरचा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि १०० ने गेल्यास पावणेतीन पट. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर काटा ६० वर असतानाही बोटीला ८० चा वारा लागत असतो. म्हणून महामार्गावर ताशी ६० ते ७० हा वेग पुरेसा समजावा आणि वारा असेल तेव्हा त्याहूनही कमी ठेवावा.

माझ्या पहिल्या फेरीत मी टोकाला नायलॉनचा दोर वापरला होता आणि निघाल्यावर कोठेही थांबून पाहिले नव्हते. जळगावहून भुसावळच्या दिशेने जाताना साकेगावजवळ वाघूर नदीचा पूल लागतो; त्याच्या आसपास एका लांब ट्रेलरला मी ओलांडून पुढे गेलो. ट्रेलरच्या आडोशातून मोटार बाहेर पडताच वारा एकदम बोटीवर आला, टपावर ‘धप्’ असा आवाज झाला आणि काचेच्या वरच्या कडेला बोटीचे टोक खाली-वर होताना दिसू लागले. वेग हळूहळू कमी करून, दिवे लावून, मी कडेला थांबलो. पट्टे जागेवर होते. दोर मात्र एवढा सैल झाला होता की त्यात मूठ सहज जात होती. त्या दिवसापासून पहिल्या पाच किलोमीटरनंतर, मग पंचवीस किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक तासाला थांबून मी सर्व पट्टे आणि दोर हाताने तपासतो. पहिली तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पट्टे आणि फोम पहिल्या काही किलोमीटरांतच बसते होतात आणि थोडी ढिलाई हमखास येते.

मुंबईहून बोट आणताना कसारा घाट चढून, नाशिक, चांदवड, मालेगाव करत धुळ्याला यावे आणि तेथून पारोळा, एरंडोलवरून जळगाव गाठावे. घाटानंतर एक तपासणी वेगळी करावी, कारण वळणांवर बोट आडवी ओढली जाते. मोकळ्या माळावर आणि पुलांवर बाजूचा वारा लागतो. अशा ठिकाणी मोठ्या वाहनांना ओलांडण्याची घाई करू नये. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळी उठतात आणि वळिवाच्या आधी सोसाट्याचा वारा सुटतो. तसे आभाळ दिसल्यास मोटार बाजूला थांबवणे श्रेयस्कर.

बोटीसह मोटारीची उंची मोजून ती एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवावी. लहान मोटारही बोटीसह दोन मीटरांपलीकडे जाते आणि रेल्वेखालच्या बोगद्यांपुढे लावलेले उंचीचे आडवे दांडे किंवा इमारतीखालचा वाहनतळ नेमक्या वेळी लक्षात राहत नाही. महामार्ग सोडून गावरस्त्याला लागल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्यात: पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या.

पाण्याकाठी

जलाशयात बोट उतरवण्यास परवानगी आहे की नाही, याची विचारणा पाटबंधारे खात्याकडे निघण्यापूर्वीच करून ठेवावी. यांतील काही जलाशय पिण्याच्या पाण्याचे आहेत आणि हतनूरवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. त्यांचे थवे बसलेल्या भागापासून दूर राहावे.

पाणी ओसरल्यावर काठाला उघडी पडणारी काळी माती वरून कोरडी, भेगाळलेली दिसते आणि खाली ओली असते. मोटार तिच्यावर कधीही नेऊ नये. पक्क्या जागेवर थांबून बोट हातांनी उचलून न्यावी. उतरवताना आधी टोकांचे दोर सोडावेत आणि मग पट्टे. शेवटचा पट्टा सोडण्यापूर्वी कुणीतरी बोट धरलेली असावी.

परतताना बोटीतले पाणी पूर्णपणे काढावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. कोपऱ्यात राहिलेले दहा लिटर पाणी टपाची मर्यादा ओलांडायला पुरते. ओले पट्टे बांधल्यावर काही अंतराने पुन्हा आवळावेत. घरी आल्यावर बोट रात्रभर टपावर बांधून ठेवू नये. ती उतरवून सावलीत उलटी ठेवावी, पट्टे पाण्याने धुऊन सावलीतच वाळवावेत, कारण ऊन त्यांचे धागे कुजवते, आणि ज्या पट्ट्याची कड उसवलेली किंवा रंग उडालेला दिसेल तो त्याच वेळी बाजूला काढावा. रॅकचे बोल्ट पुढच्या फेरीआधी पुन्हा पान्याने तपासून घ्यावेत.